लिबरऑफिस कॅल्कचा टेक्स्ट इम्पोर्ट बॉक्स: ^, ; आणि #~# वाल्या फायली उघडणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

टॅक्स, पीएफ, म्युच्युअल फंड, बँक स्टेटमेंट असलं काम ज्यांच्या टेबलावर येतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. आपल्याकडे हा सगळा डेटा अजूनही साध्या टेक्स्ट फायलीतून येतो आणि कॉलम वेगळे करायला प्रत्येकाने आपापलं चिन्ह धरलंय. ट्रेसेसवरून (इन्कम टॅक्सचं टीडीएसचं पोर्टल) उतरवलेली 26एएस ची, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या तपशिलाची, टेक्स्ट फाइल ^ ने तोडलेली असते, ॲम्फीची (म्युच्युअल फंडांची संघटना) रोजची एनएव्ही म्हणजे युनिटच्या भावाची फाइल ; ने, आणि ईपीएफओच्या ईसीआर फायलीत (कंपनीने दर महिन्याला भरायचा पीएफचा तपशील) तर एक चिन्ह नाहीच, तीन चिन्हांचा जोड आहे, #~#. त्यात बँकांची स्टेटमेंट कॉमावाली, जिथे रकमेत पण कॉमा, नरेशनमध्ये (व्यवहाराच्या वर्णनात) पण कॉमा आणि कॉलमच्या मधे पण कॉमा. हे सगळं ज्याला एका एक्सेलसारख्या शीटमध्ये नीट मांडून हवंय त्याला मी सरळ सांगते, लिबरऑफिस कॅल्क टाका. तिथला टेक्स्ट इम्पोर्ट बॉक्स हा मी वापरलेल्यांपैकी सगळ्यात प्रामाणिक आहे. काही गोष्टी त्याला जमत नाहीत, त्या पण पुढे लिहिल्यात, पण रोजच्या कामाला माझे पाचपैकी चार.

लिबरऑफिस फुकट आहे, 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं होऊन निघालं, द डॉक्युमेंट फाउंडेशन ते चालवते, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि मेनू मराठीतही घेता येतात. मी मेनू इंग्रजीच ठेवलेत कारण फोनवरून कोणाला समजावायचं असेल तर समोरच्याच्या स्क्रीनवर तेच असतं, म्हणून खाली पण इंग्रजी नावंच वापरतेय.

मला हा बॉक्स आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे तो आधी विचारतो. फाइल उघडली की डेटा शीटवर ओतण्याआधी समोर एक बॉक्स येतो, वर कॅरॅक्टर सेट, भाषा, कुठल्या ओळीपासून घ्यायचं, मधे सेपरेटर किंवा डिलिमिटर म्हणजे कॉलम तोडणारं चिन्ह, खाली प्रीव्ह्यू. तुम्ही टिक बदलली की खालचा प्रीव्ह्यू तिथल्या तिथे बदलतो. याचं महत्त्व कळायला दुसरी बाजू बघा. एक्सेलमध्ये सीएसव्ही (कॉमाने तोडलेली टेक्स्ट फाइल) डबल क्लिक केली की तो काही विचारत नाही, विंडोजच्या रीजनल सेटिंगमध्ये जो लिस्ट सेपरेटर असेल तो धरतो आणि मोकळा होतो. भारतात तो कॉमा असतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं आपोआप होतंय. पण जर्मनीत, फ्रान्समध्ये कॉमा हा दशांश चिन्ह आहे, तिथल्या सेटिंगला लिस्ट सेपरेटर ; असतो, त्यामुळे पुण्यातून पाठवलेली कॉमावाली फाइल तिकडे ऑफिसात उघडली तर सगळी ओळ पहिल्याच कॉलममध्ये येते आणि तिकडून आलेली ; वाली इकडे तशीच येते. फाइल दोन्हीकडे बरोबरच असते, फक्त उघडणाऱ्याने न विचारता गृहीत धरलेलं असतं. कॅल्कमध्ये हा प्रकार बॉक्समध्येच दिसतो आणि तिथेच सुटतो.

एक गोष्ट नवीन माणसाला अडवते म्हणून आधीच सांगते. फाइलचं एक्सटेन्शन टीएक्सटी असेल आणि तुम्ही नुसतं फाइल ओपन केलं तर ती रायटरमध्ये उघडते, म्हणजे वर्डसारखी, आणि लोक म्हणतात की बॉक्स आलाच नाही. ओपनच्या विंडोत खाली फाइल टाइपच्या यादीतून टेक्स्ट सीएसव्ही निवडायचं, मग तीच फाइल कॅल्कमध्ये येते आणि बॉक्स समोर येतो. किंवा नोटपॅडमध्ये सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि कोऱ्या शीटवर पेस्ट करा, तरी तोच बॉक्स येतो. आणि डेटा आधीच एका कॉलममध्ये येऊन पडला असेल तर डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स आहे, तिथे पण सेपरेटरचे हेच पर्याय.

आता 26एएस. झिप फाइल उतरवायची, पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, दिवस महिना वर्ष सलग आठ आकडे, आत टेक्स्ट फाइल. बॉक्समध्ये बाकी सगळ्या टिका काढायच्या, अदर ला टिक करायची आणि शेजारच्या चौकोनात ^ टाकायचं. प्रीव्ह्यू लगेच कॉलममध्ये पसरतो. इथे जो माणूस चुकतो तो एकाच जागी चुकतो आणि ती जागा म्हणजे मर्ज डिलिमिटर्स. हा पर्याय लागोपाठ आलेली चिन्हं एकच धरतो. ऐकायला बरं वाटतं पण 26एएस मध्ये लागोपाठचे ^^^^^ मुद्दाम असतात. टॅक्स कापणाऱ्याची ओळ आणि त्याच्याखालच्या व्यवहारांच्या ओळी एकाच फायलीत वरखाली असतात, कापणाऱ्याच्या ओळीत नाव आणि टॅन (त्याचा टॅक्स खात्याचा नंबर) झाले की काही कॉलम रिकामे सोडलेत म्हणजे शेवटच्या रकमा खालच्या रकमांच्या रांगेत येतील, आणि व्यवहाराच्या ओळी ^ नेच सुरू होतात म्हणजे त्यांचा पहिला कॉलम रिकामा. मर्ज ला टिक राहिली की ही सगळी मांडणी कोसळते, रक्कम टॅनच्या शेजारी येऊन बसते. वरवर बघितलं तर शीट भरलेली दिसते, म्हणूनच हे धोक्याचं. त्यामुळे ^ वाल्या फायलीला मर्ज बंद, नेहमी बंद.

आणि हो, बॉक्स मागच्या वेळच्या टिका बऱ्याचदा तशाच ठेवतो. सकाळी स्पेसने तोडलेली फाइल मर्ज लावून उघडली असेल तर दुपारी 26एएस ला ती टिक तशीच असू शकते. याला मी दोष म्हणणार नाही, एकाच प्रकारच्या दहा फायली उघडायच्या असतात तेव्हा हेच सोयीचं पडतं, पण दरवेळी ती मधली ओळ डोळ्याखालून घालायचीच.

ॲम्फीच्या एनएव्ही फाइलची गंमत वेगळी आहे. ती ; ने तोडलेली, पहिल्या ओळीत कॉलमची नावं, स्कीम कोड, दोन आयएसआयएन (योजनेचे आंतरराष्ट्रीय ओळख नंबर), योजनेचं नाव, एनएव्ही, तारीख. पण मधे मधे अशा ओळी येतात ज्यात एकही ; नाही, एका ओळीत योजनेचा प्रकार, मग रिकामी ओळ, मग फंड हाउसचं नाव, मग परत रिकामी ओळ, मग डेटा. आयएसआयएन नसेल तिथे नुसता डॅश. अशा फाइलला बरीच टूल्स दर ओळीत कॉलम सारखे नाहीत म्हणून अडतात, पायथन भाषेतलं डेटा वाचायचं पांडाज नेहमीच्या पद्धतीने वाचताना बाकीचे कॉलम रिकामे ठेवून पुढे जातं पण मग ती फंड हाउसची नावं स्कीम कोडच्या कॉलममध्ये घुसतात आणि अख्खा कॉलम नंबरचा टेक्स्ट होतो. कॅल्कमध्ये पण त्या ओळी पहिल्याच कॉलममध्ये येतात, फरक इतकाच की इथे दर सेलचा प्रकार वेगळा राहू शकतो, स्कीम कोड नंबर राहतो आणि फंड हाउसचं नाव टेक्स्ट. मग एक मदतीचा कॉलम घ्या, पहिल्या सेलमध्ये नंबर आहे का हे इझनंबर (ISNUMBER) ने तपासा, नंबर असेल किंवा सेल रिकामा असेल तर वरच्या ओळीतलं फंड हाउस खाली ओढा, नसेल आणि सेल रिकामा नसेल तर तेच नाव घ्या. योजनेचा प्रकार आणि फंड हाउस या दोन्ही ओळी एकामागे एक येतात त्यामुळे डेटाच्या लगेच वर जे नाव येतं ते फंड हाउसच असतं, म्हणून हा फॉर्म्युला बरोबर चालतो. शेवटी फिल्टर लावून नंबर नसलेल्या ओळी बाजूला काढा.

इथे फक्त सेमीकोलनलाच टिक ठेवा. योजनांच्या नावांत स्पेस असतात, हायफन असतात, कंस असतात, सोबत स्पेसची टिक राहिली तर नावाचे सात तुकडे होतील.

खरा कस लागतो तो ईसीआरला. #~# हे चिन्ह ज्याने निवडलं त्याचा विचार मला पटतो, माणसाच्या नावात किंवा रकमेत हा जोड कधी येणार नाही म्हणजे कोट बिट काही लावायलाच नको. पण कॅल्कच्या अदर च्या चौकोनात तुम्ही #~# लिहिलं तर तो त्याला एक चिन्ह समजत नाही, # वेगळं आणि ~ वेगळं धरतो, त्यामुळे दर दोन कॉलमच्या मधे दोन रिकामे कॉलम येतात. हा बॉक्सचा सगळ्यात मोठा कमीपणा आणि इतकी वर्षं झाली तरी तो तसाच आहे. तरी ईसीआरपुरता यावर मार्ग आहे आणि तो बरोबर आहे, नुसता जुगाड नाही. ईसीआरच्या ओळीत अकरा गोष्टी असतात, यूएएन (पीएफ सभासदाचा नंबर), नाव, ग्रॉस वेजेस, मग ईपीएफ, ईपीएस (पेन्शन), ईडीएलआय (विमा) चे वेजेस, मग योगदानाच्या रकमा, एनसीपीचे (बिनपगारी) दिवस, शेवटी रिफंड ऑफ ॲडव्हान्सेस. जिथे काही नाही तिथे रिकामं सोडत नाहीत, शून्य टाकतात. म्हणजे इथे रिकामा कॉलमच नाही, आणि रिकामा कॉलम नाही तर मर्ज डिलिमिटर्स बिनधास्त लावा. अदर मध्ये #~ लिहा, मर्ज ला टिक करा, प्रीव्ह्यूमध्ये बरोबर अकरा कॉलम दिसले पाहिजेत. बारा किंवा दहा दिसले तर ओके दाबू नका, ती ओळ आधी नोटपॅडमध्ये उघडून बघा.

म्हणजे तोच पर्याय 26एएस ची वाट लावतो आणि ईसीआरला वाचवतो. डिलिमिटरचं सगळं काम इथेच आहे, चिन्ह कुठलं हे ओळखणं सोपं असतं, रिकाम्या जागेला त्या फाइलमध्ये काही अर्थ आहे का हे बघावं लागतं आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप सांगू शकत नाही.

ज्या फाइलमध्ये दोन तीन चिन्हांचा जोड आहे आणि रिकामे कॉलम पण आहेत, उदाहरणार्थ || वाल्या फायली, काही जुनी सॉफ्टवेअर असा रिपोर्ट काढतात, तिथे मर्ज चालणार नाही. मग आधी नोटपॅड प्लस प्लस या फुकट टेक्स्ट एडिटरमध्ये रिप्लेस ऑल करून जोडाच्या जागी टॅब टाका आणि मग कॅल्कमध्ये टॅबने उघडा. त्याआधी फाइलमध्ये आधीपासून टॅब आहे का तेवढं शोधून घ्या.

यूएएन बारा आकडी असतो, आणि इथे बॉक्सचं दुसरं मोठं काम सुरू होतं. प्रीव्ह्यूमध्ये कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून वर कॉलम टाइप मधून टेक्स्ट निवडायचं. शिफ्ट धरून दुसऱ्या कॉलमवर क्लिक केलं की मधले सगळे निवडले जातात. यूएएन, आधार, बँक खाते नंबर, पिन कोड, मोबाइल, चेक नंबर हे दिसायला नंबर असले तरी त्यांची कधी बेरीज करायची नसते, त्यांना टेक्स्टच ठेवा. खाते नंबर शून्याने सुरू होत असेल तर नंबर म्हणून घेतल्यावर ती शून्यं जातात आणि परत कशी आणणार, किती होती तेच माहीत नसतं. एक्सेलमध्ये नंबरचे पंधराच आकडे खरे राहतात, सोळाव्यापासून पुढे शून्य, त्यामुळे सोळा आकडी खाते नंबर किंवा कार्ड नंबर नंबर म्हणून उघडला आणि सेव्ह केला की शेवटचा आकडा कायमचा गेला. एक्सेल बारा आकड्यांपासूनच साध्या फॉरमॅटमध्ये 1.23 ई असं काहीतरी दाखवायला लागतो आणि तेच परत सीएसव्हीत सेव्ह झालं तर मूळ नंबर फाइलमधून नाहीसा होतो. पीएफचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जमा होणं हे कोणाच्या तरी महिन्याच्या पगाराचं नुकसान आहे, म्हणून मी या बाबतीत कोणाला सूट देत नाही.

खाली डिटेक्ट स्पेशल नंबर्स म्हणून एक टिक आहे, ती बंद ठेवा असं माझं स्पष्ट मत. बंद असली की कॅल्क फक्त साधे दशांश नंबर ओळखतो, बाकी सगळं जसंच्या तसं टेक्स्ट. त्यामुळे घर नंबर 5-12 चा पाच डिसेंबर होत नाही. हा तारखेचा त्रास इतका जगभरचा आहे की माणसाच्या जीन्सना नावं देणाऱ्या समितीने 2020 मध्ये काही जीन्सची नावंच बदलली कारण स्प्रेडशीट त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा करून टाकत होत्या. मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायचा पर्याय 2023 मध्ये दिला. तारखेच्या कॉलमला कॉलम टाइप मधून दिवस महिना वर्ष असा क्रम स्वतः निवडा आणि वर भाषा इंग्लिश इंडिया ठेवा. अमेरिकेची भाषा राहिली तर 05/06 ला तो सहा मे समजू शकतो आणि बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा गुपचूप उलटतात, तेराव्यापासून मात्र टेक्स्ट राहतात. तारखांच्या कॉलममध्ये अर्ध्या डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर हेच झालंय.

बँकेच्या कॉमावाल्या स्टेटमेंटबद्दल. सीएसव्हीचा जो लिखित नियम मानला जातो तो आरएफसी 4180, ऑक्टोबर 2005 चा, त्यात सांगितलंय की ज्या फील्डमध्ये कॉमा, नवी ओळ किंवा डबल कोट असेल ते डबल कोटमध्ये ठेवायचं आणि आतला कोट दोनदा लिहायचा. म्हणजे "1,25,000.00" असं कोटमध्ये आलं तर कॅल्क त्याला एकच फील्ड धरतो, स्ट्रिंग डिलिमिटर (मजकूर ज्यात बंद असतो ते चिन्ह) मध्ये " असलं की झालं. पण हे पाळलेलं नसेल, रक्कम उघडी 1,25,000.00 अशी आली असेल तर त्या ओळीत दोन कॉलम जास्त येतात आणि बाकीच्या ओळी बरोबर दिसतात. इथे कुठलंही टूल जादू करू शकत नाही, फाइलच दोन अर्थाची आहे. पहिला उपाय म्हणजे नेटबँकिंगमध्ये दुसरा फॉरमॅट मिळतो का बघा, टॅबवाली किंवा एक्सेलची फाइल. नसेल तर एक आधार आहे, रक्कम दशांशानंतर दोन आकड्यांवर संपते, त्यामुळे त्या दोन आकड्यांनंतरचा कॉमा हा खरा डिलिमिटर आणि त्याच्या आधीचे दोन आकड्यांच्या मधले कॉमा रकमेतले. ओळ उजवीकडून वाचत आलात की शिल्लक, जमा, खर्च हे तीन ओळखता येतात. मोजक्या ओळी असतील तर हाताने काढा, हजारो असतील तर नोटपॅड प्लस प्लस च्या रेग्युलर एक्सप्रेशनने (नमुना देऊन शोधणं आणि बदलणं), पण रकमेपुरतंच करा, नरेशनमध्ये पण आकडे आणि कॉमा असतात.

डबल कोटचा उलटा त्रास जास्त लोकांना होतो आणि कमी लोकांना कळतो. समजा पाइपवाली | फाइल आहे, त्यात कोट वापरलेलेच नाहीत, आणि एका फील्डची सुरुवातच एका सुट्या " ने झाली, हार्डवेअरच्या दुकानाच्या मालाच्या यादीत पाइपाची इंचातली मापं असतात तिथे असं होतं. स्ट्रिंग डिलिमिटर " असेल तर कॅल्क तिथून पुढचं सगळं, ओळी तोडणं सोडून, पुढचा " सापडेपर्यंत एकाच सेलमध्ये गिळतो. एरर येत नाही. शीटमध्ये नुसत्या ओळी कमी येतात. म्हणून दोन गोष्टी करा, फाइलच्या ओळी नोटपॅड प्लस प्लस मध्ये खाली दिसतात त्या शीटच्या ओळींशी जुळवा, आणि कोट न वापरणाऱ्या फाइलसाठी स्ट्रिंग डिलिमिटरचा चौकोन चक्क रिकामा करा, तो रिकामा करता येतो. ज्या फाइलमध्ये पत्ते कोटमध्ये आहेत आणि पत्त्याच्या मधे नवी ओळ आहे तिथे मात्र तो हवाच, तिथे ओळींचा आकडा जुळणार नाही आणि ते बरोबर आहे.

तिसरी तपासणी म्हणजे रकमेच्या कॉलमला बेरीज मारा. शून्य आली तर रकमा टेक्स्ट म्हणून आल्यात. थोडी कमी आली तर काही ओळींत टेक्स्ट आहे. स्टेटमेंटच्या तळाला असलेल्या बेरजेशी जुळली तरच पुढे जा.

मराठी नावांच्या फायली असतील, मतदार याद्या, सभासद याद्या, शाळेच्या पटाच्या याद्या, तर बॉक्समधला पहिलाच पर्याय, कॅरॅक्टर सेट, तिथे यूटीएफ-8 निवडायचं. प्रीव्ह्यूमध्ये देवनागरी दिसली की बरोबर. फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे फाइल यूनिकोडची असल्याची न दिसणारी खूण, नसेल तर एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर सुनीताच्या जागी युरोपातली टोपीवाली अक्षरं येतात, लोक घाबरून फाइल खराब झाली म्हणतात, ती खराब नसते. कॅल्कमध्ये हे एका निवडीत सुटतं आणि मराठी माणसासाठी एवढं एक कारण पण पुरेसं आहे. पण जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव मधल्या याद्या असतील तर कुठलाच कॅरॅक्टर सेट चालणार नाही, कारण त्या फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत आणि फॉन्टमुळे ती मराठी दिसायची. त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग डिलिमिटर बघा, आणि इथे खरंच जपा, कारण त्या फॉन्टमध्ये कॉमा, ^, ~, | अशी चिन्हं पण एखाद्या मात्रेसाठी किंवा जोडाक्षरासाठी वापरलेली असू शकतात. आधी तोडलं तर नाव मधूनच तुटेल. टॅबवाली फाइल काढता येत असेल तर या याद्यांना टॅबच घ्या.

तसं बघितलं तर ॲस्कीमध्ये 1960 च्या दशकापासून 28 ते 31 नंबरची चार चिन्हं फक्त डेटा वेगळा करायलाच ठेवलेली आहेत, कीबोर्डवर नाहीत म्हणून कोणाच्या नावात येणार नाहीत. वापरली असती तर हा सगळा व्याप झालाच नसता असं मला मनापासून वाटतं, पण ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि नोटपॅडमध्ये टाइप होत नाहीत म्हणून लोकांनी कॉमाच धरला.

आता कमीपणा. जोड चिन्हांचा वर सांगितला. दुसरा, केलेली सेटिंग नाव देऊन साठवता येत नाही. मला 26एएस नावाचा एक साचा हवाय, ज्यात ^, मर्ज बंद, भाषा इंग्लिश इंडिया, तारखेचे आणि टेक्स्टचे कॉलम सगळं ठरलेलं असेल, आणि ईसीआरचा दुसरा. ते नाही, कॉलम टाइप दर फाइलला नव्याने द्यावे लागतात आणि मार्च एंडला हे हाताला जाणवतं. तिसरा, शीटची मर्यादा 10,48,576 ओळी, एक्सेलइतकीच, त्याच्या पुढची फाइल पूर्ण येत नाही.

एक्सेलमधलं डेटा आत आणायचं टूल, पॉवर क्वेरी, इथे पुढे आहे हे मान्य केलं पाहिजे. तिथे पायऱ्या साठवल्या जातात, पुढच्या महिन्याची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकून रिफ्रेश केलं की सगळं परत होतं. #~# साठी अख्खी ओळ आधी एका कॉलममध्ये आणा आणि स्प्लिट कॉलम मध्ये कस्टम डिलिमिटर म्हणून पूर्ण #~# द्या, तिथे जोड एकच चिन्ह समजला जातो आणि रिकामे कॉलमही जागेवर राहतात. फक्त ती पहिल्या 200 ओळी बघून कॉलमचे प्रकार स्वतः ठरवते, खाते नंबरची शून्यं तिथेच जातात, म्हणून उघडतानाच डेटा टाइप ओळखू नको हा पर्याय निवडा. ज्यांच्याकडे एक्सेल विकत घेतलेलं आहे आणि दर महिन्याला तीच फाइल येते त्यांनी पॉवर क्वेरीच शिकावी. डेटा साफ करायचं ओपनरिफाइन पण चांगलं आहे, फुकट, तुमच्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये चालतं, कोटचा पर्याय बंद करता येतो, सुरुवातीच्या नको त्या ओळी सोडता येतात, आणि एकच नाव पाच प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकत्र करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते स्प्रेडशीट नाही, हिशेबनीसाला त्यात करमत नाही.

जे अजिबात करू नका ते म्हणजे 26एएस टू एक्सेल, ईसीआर टू एक्सेल असं शोधून मिळेल त्या वेबसाइटवर फाइल अपलोड करणं. त्या फाइलमध्ये लोकांचा पॅन आहे, यूएएन आहे, पगार आहे, ती माहिती तुमची नाही, क्लायंटची आणि कामगारांची आहे. 2023 पासून डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आहे. कॅल्क इंटरनेट बंद ठेवून पण चालतो, आणि वर सांगितलेलं सगळं त्यात पाच मिनिटांत होतं.

शीटमध्ये दुरुस्त केलेला ईसीआर परत टेक्स्टमध्ये काढायचा असेल तर सेव्ह ॲज सीएसव्ही च्या नादी लागू नका. टेक्स्टजॉइन (TEXTJOIN) फंक्शन वापरा, पहिला भाग "#~#", दुसरा भाग म्हणजे रिकामे सेल सोडायचे का, तिथे फॉल्स, मग अकरा सेलची रेंज. दुसरा भाग फॉल्सच ठेवा, ट्रू दिलं आणि एखादा सेल रिकामा राहिला तर तो गाळला जातो, पुढच्या रकमा एक घर मागे सरकतात आणि ओळीत दहाच गोष्टी उरतात. तो कॉलम खालपर्यंत ओढून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, टीएक्सटी म्हणून सेव्ह करा, आणि पोर्टलवर चढवण्याआधी तीच फाइल वरच्या पद्धतीने परत कॅल्कमध्ये उघडून अकरा कॉलम आणि बेरीज एकदा बघून घ्या.